दुसऱ्या खोलीतलं घड्याळ

संस्थेत तिला सगळे घड्याळबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ वळली की 'घड्याळबाई', आणि तिला दोन्ही ऐकू येत असे. एकोणीस वर्षं तिने एकाच सरांच्या हाताखाली काढली होती. कॉरिडॉरच्या या टोकाला एक खोली, त्या टोकाला दुसरी. दोन्हीकडे एकेक घड्याळ, आणि दोन्हींची नाडी बघणारी ही. घड्याळ म्हणजे भिंतीवरचं नव्हे. काटे नाहीत, तबकडी नाही, जाड पुस्तकाएवढी एक करडी पेटी आणि समोर हिरवा दिवा. ती पेटी सेकंदाला लाखो ठोके द्यायची आणि एकाचीही चुकामूक व्हायची नाही.

काम सांगायला सोपं होतं, करताना मात्र घाम फुटायचा. पहिल्या खोलीत थोडेसे अणू थंड करून ठेवायचे आणि त्यांना अशा अवस्थेत आणायचं की प्रत्येक अणू एकाच वेळी 'इकडे'ही असेल आणि 'तिकडे'ही, आणि या दोन्हींचा आपसातला मेळ टिकून असेल. पुस्तकात त्याला कोहेरन्स म्हणतात. ती मेळच म्हणायची. सरांनी उभी हयात एक गोष्ट मांडण्यात घालवली होती: हा मेळ म्हणजे नुसती गंमत नव्हे, ती संपत्ती आहे. साठवता येते, दुसरीकडे धाडता येते, तिच्याकडून काम करून घेता येतं आणि वापरली की संपते. फुकटात ती वाढत नाही. नुसतं डोकावून बघितलं तरी मोडते, कारण बघितल्याबरोबर अणू मुकाट्याने एका बाजूला जाऊन बसतात. त्यामुळे मेळ किती आहे हे मोजायचं तर तो मोडूनच मोजायचा. पुन्हा तयार करायचा, पुन्हा मोडायचा, दिवसाकाठी चाळीस हजार वेळा.

"म्हणजे वहिनी दिवसभर बनवते आणि मोडते," तिची नणंद चारचौघांत सांगायची. "आमच्या शाळेतली मुलंही हेच करतात. त्यांना पगार नाही एवढंच."

लोक हसत. तीही हसे. मग नणंद पुढचं विचारायची आणि तिथे मात्र हसू यायचं नाही. "ते जाऊ दे गं. नाव कुठे छापून आलंय का तुझं?"

नाव यायचं, नाही असं नाही. एकोणीस वर्षांत सरांचे चौदा शोधनिबंध निघाले आणि चौदाही ठिकाणी अगदी शेवटी, बारीक टायपात, 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार' या ओळीत तिचं नाव होतं. त्याच ओळीत एकदा एअर कंडिशनर दुरुस्त करणाऱ्याचंही होतं. नवव्या वर्षी धीर करून तिने सरांना विचारलं होतं, की सर, लेखकांच्या यादीत माझं नाव बसेल का. सर मनापासून चकित झाले होते. "बाई, तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे की!" ठाऊक सगळ्यांना होतं. छापलेलं कुठेच नव्हतं. त्यानंतर तिने विचारलं नाही, पण ती इच्छा काही मेली नाही. एकदा, एकदाच, निबंधाच्या माथ्यावर आपलं नाव असावं. बाकी तिला काही नको होतं. तिची समजूत तरी तशी होती.

सरांच्या प्रयोगशाळेचा एक नियम होता: जो मोजेल तो सही करेल. जाड पुठ्ठ्याची वही, प्रत्येक आकड्यासमोर तारीख आणि सही. नियम सरांनीच घातलेला, आणि फार अभिमानाने. सर स्वतः यंत्राला कधी हात लावत नसत. "माझे हात जड आहेत," असं ते कौतुकाने सांगत. त्यामुळे एकोणीस वर्षांच्या वह्यांत सरांची सही औषधालाही सापडली नसती.

त्या वर्षीचा प्रयोग सरांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा. पहिल्या खोलीतला मेळ काचेच्या तंतूतून दुसऱ्या खोलीतल्या अणूंकडे पाठवायचा आणि तिथल्या घड्याळाच्या ठोक्यांशी लावून बघायचं, की शंभरातला किती पोचला. अट एकच. दोन्ही घड्याळं एकमेकांना अनोळखी पाहिजेत. ती आपसात बांधलेली असली तर ठोके आपसूक जुळतात, आणि अणूंनी स्वतः काही आणलं की नाही याचा पत्ताच लागत नाही. जे फुकट मिळतं त्याला संपत्ती म्हणू नये, असं सरांच्याच पुस्तकात लिहिलं होतं.

जगात कोणाला तिशीच्या वर जाता आलं नव्हतं. तिच्या वहीत आकडा आला सत्याऐंशी. तिने तीनदा मोजला, तीनदा सही केली. सर कॉरिडॉरमधून शीळ घालत गेले. इतक्या वर्षांत त्यांना शीळ येते हेच कोणाला माहीत नव्हतं.

त्या रविवारी तिचा नवरा तोंड पाडून घरी आला. तो सुतार. स्वतःचं छोटंसं दुकान, हात सोन्यासारखा आणि तोंड जरा तिखट. एका गिऱ्हाइकाने दिलेल्या मापावरून त्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात बसेल असं कपाट त्याने महिनाभर खपून केलं होतं आणि ते कोनाड्यात जाईना.

"चार मिलिमीटर! फक्त चार!" तो चहाचा कप हातात घेऊन येरझारा घालत होता. "दुकानात मोजलं तर बाराशेला बाराशे. परत मोजलं, बाराशे. आणि तिथे जाऊन त्या माणसाच्या टेपने मोजलं तर बाराशे चार. मी म्हटलं तुझी टेप खोटी. मग बघतो तर माझ्याच टेपचं पुढचं टोक वाकलेलं."

ती हसत सुटली. "अहो, ज्या टेपने कापलंत त्याच टेपने मोजलंत. मग ते बरोबरच येणार! दुकानात बसून शंभर वर्षं मोजलं असतंत तरी बाराशेच—"

आणि ती थांबली. हसू तोंडावर तसंच राहिलं.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "तुमचा चहा गार होतोय."

सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या खोलीतलं घड्याळ बिघडलं होतं. दुरुस्तीला पाठवलं तेव्हा सर म्हणाले होते, "तोवर पहिल्यावरून तार ओढून काम चालवा." तिने ओढली होती. छताच्या पांढऱ्या तक्त्यांच्या वरून, कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्टुलावर चढून, एकटीने. तीन महिन्यांनी घड्याळ परत आलं, जागेवर ठेवलं, मागच्या सगळ्या तारा जोडल्या, हिरवा दिवा लागला. सगळ्या तारा. ती तार काढल्याचं काही तिला आठवेना. आणि त्या जातीच्या घड्याळाची एक खोड तिला पाठ होती. मागून बाहेरचा ठोका मिळायला लागला की ते स्वतःचं डोकं वापरत नाही, मुकाट त्या ठोक्यामागे जातं. दिवा मात्र हिरवाच राहतो. ही खोड फक्त घड्याळांनाच असते असं नाही, पण ते असो.

सोमवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिने स्टूल घेतलं, छताचा एक तक्ता उचलला आणि हात घातला. तार होती. तारेला चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि पट्टीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'तात्पुरती.' खाली सहा वर्षांपूर्वीची तारीख.

तिने दुसऱ्या खोलीत जाऊन घड्याळाच्या मागून ती तार काढली, घड्याळ स्थिरावायला दोन तास दिले आणि मोजलं. चौदा. पुन्हा मोजलं. चौदा. तार परत लावली, सत्याऐंशी. काढली, तेरा. म्हणजे सत्याऐंशीतला बहुतेक मेळ अणूंनी आणलेलाच नव्हता. तो छतावरून चालत आला होता, तिने स्वतःच्या हाताने बांधलेल्या वाटेने.

स्टुलावर बसून ती थोडी रडली. चूक झाली याचं रडू कमी होतं. हा आकडा तिला फार आवडला होता, त्याचं जास्त होतं. मग डोळे पुसून तिने सरांना दाखवता यावं म्हणून तार होती तशी जोडून ठेवली, वही उघडली आणि नियमाप्रमाणे लिहिलं: 'दुसऱ्या घड्याळाची जुनी तार काढून: १४, १४, १३. तार लावून: ८७.' तारीख. सही.

ती सरांच्या खोलीत गेली तेव्हा ते खिडकीपाशी उभे होते. तिने सगळं सांगितलं, तार, पट्टी, नवऱ्याची टेपसुद्धा.

"वहीत लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"बरं केलंत." थोडं थांबून, "कोणाला बोललात?"

"नाही सर. आधी तुमच्याकडेच आले."

"मग आता मी बघतो. तुमचा चेहरा बघा किती उतरलाय. तीन दिवस रजा घ्या. अहो खरंच घ्या."

सरांनी आपल्या चेहऱ्याकडे पाहिलं याचंच तिला इतकं अप्रूप वाटलं, की त्यांचे दोन्ही प्रश्न कशाबद्दल होते हे तिच्या लक्षातच आलं नाही. ओरडले नाहीत, चिडले नाहीत, उलट रजा दिली. घरी जाऊन ती नवऱ्याला म्हणाली, "माणूस मोठा आहे हो." नवऱ्याने रंधा चालवता चालवता नुसतं 'हं' केलं.

शुक्रवारी ती परत आली तेव्हा सरांच्या टेबलावर पिन मारलेले नऊ कागद होते. सरांनी ते तिच्याकडे फिरवले. माथ्यावर शीर्षक, शीर्षकाखाली नावं, आणि पहिलं नाव तिचं. सरांच्याही आधी.

तिने ते दोनदा वाचलं. आपलं नाव इतक्या मोठ्या टायपात तिने फक्त लग्नपत्रिकेत पाहिलं होतं.

"सर, हे..."

"तुमचाच हक्क आहे, बाई. उशीर झाला, माझंच चुकलं. इथे सही करा, आज पाठवायचंय."

शेवटच्या कागदावर रकाना होता. वर एक ओळ: 'मी हा निबंध संपूर्ण वाचला असून त्यातील निष्कर्षांची जबाबदारी स्वीकारते.'

"आकडे बदललेत ना सर?" तिने विचारलं.

"सगळं व्यवस्थित केलंय," सर म्हणाले आणि पेन पुढे केलं. "सहाव्या पानावर तक्ता आहे. बघायचा तर बघा."

सहावं पान. तिचा अंगठा कागदाच्या कडेवर होता. पान उलटायला किती वेळ लागतो? जी बाई हिरव्या दिव्यावरही विश्वास न ठेवता एकेक आकडा तीन-तीनदा मोजायची, तिने त्या दिवशी सहावं पान उलटलं नाही. चौदावर कोणी नऊ पानं लिहीत नाही, हे तिला एकोणीस वर्षांत कळलं नसेल असं कोणी म्हणू नये. कळलं होतं. म्हणूनच उलटलं नाही. उलटलं असतं तर पहिल्या पानावरचं नाव तिथेच सोडून उठावं लागलं असतं. बघितलं की मोडतं, हे तिच्याइतकं चांगलं कोणाला माहीत होतं?

तिने सही केली.

घरी सणासुदीसारखा आनंद झाला. नवऱ्याने तिला न सांगता सागवानी फ्रेम केली, निबंधाच्या पहिल्या पानाच्या मापाची, कोपरे असे जुळवलेले की नखही शिरू नये. "नव्या टेपने मोजलंय बरं का," तो म्हणाला. चार महिन्यांनी निबंध छापून आला. नणंदेने नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि तो जुना प्रश्न चारचौघांत विचारणं सोडून दिलं. सर परदेशी व्याख्यानं देऊन आले आणि त्यांच्यासाठी नवा विभाग उघडायचं ठरलं.

फ्रेम बाहेरच्या खोलीत लागली, पण रिकामीच. नवरा विचारायचा, "अगं, कागद दे ना." ती म्हणायची, चांगल्या कागदावर प्रत काढू. मग म्हणायची, रंगीत काढू. मग म्हणायची, बघू. छापून आल्यावर तिने सहावं पान उघडलं होतं. तक्त्यात सत्याऐंशी होता. तिने कोणाकडे ब्र काढला नाही. तार अजून जागेवरच होती. सरांनी ती काढायला सांगितली नव्हती आणि तिनेही विचारलं नव्हतं.

सातव्या महिन्यात एका दुसऱ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं. आम्ही तुमचा प्रयोग तंतोतंत करून पाहिला, दोन वेगळ्या इमारतींत, दोन वेगळी घड्याळं ठेवून. आम्हाला शंभरात पंधरा मिळतात. आमचं कुठे चुकतंय ते कृपया कळवावं.

चौकशीला तीन माणसं बसली. मधल्या खुर्चीत एक वयस्कर बाई होत्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या, आवाज मऊ. समोर टेबलावर वही. सर एका बाजूला हाताची घडी घालून बसले होते आणि आपल्याला काही माहीत नव्हतं असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

"मी यंत्राला हात लावत नाही, हे इथे कोणीही सांगेल," ते दुःखी आवाजात म्हणाले. "माझ्याकडे आकडे आले, ते मी विश्वासाने वापरले. जो मोजेल तो सही करेल, हा माझ्याकडचा नियमच आहे. वही बघा."

त्यांनी वही बघितली. खुणेची चिठ्ठी आधीच घातलेली होती. ती कोणी घातली हे तिने विचारलं नाही.

"तार काढून चौदा, चौदा, तेरा," मधल्या बाईंनी वाचलं. "ही सही तुमचीच ना?"

"हो."

"म्हणजे सोमवारी तुम्हाला खरा आकडा माहीत होता."

"हो. मी त्याच दिवशी सरांना सांगितलं."

"लेखी?"

"नाही. तोंडी. त्यांच्या खोलीत."

सरांनी डोळे मिटून मान हलवली, रागाने नव्हे, कीव केल्यासारखी.

बाईंनी दुसरा कागद पुढे सरकवला. "आणि ही त्याच आठवड्यातली, शुक्रवारची. 'संपूर्ण वाचला असून.' हीसुद्धा तुमचीच?"

दोन सह्या शेजारी शेजारी. सारख्याच वळणाच्या, सारख्याच ठाम. एकोणीस वर्षांत तिने खोटा आकडा कधी लिहिला नव्हता, आणि आज तिचा सगळ्यात खरा आकडाच तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा होता. सोमवारी तिने वहीत काहीच लिहिलं नसतं, तर ती केवळ चुकलेली बाई ठरली असती. लिहिलं म्हणून ती लबाड ठरली.

"वाचला होतात?" बाईंनी खूप हळू विचारलं. त्यांना 'नाही' ऐकायचं असावं. त्या उत्तराने कदाचित काही वाचलंही असतं.

"सहावं पान सोडून," ती म्हणाली.

सगळं पार पडायला सहा आठवडे लागले. सर होते त्याच खोलीत राहिले. नवा विभाग मात्र पुढे ढकलला गेला, याचं त्यांना फार वाईट वाटलं असं कानावर आलं. तिने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या देऊन ती दुसऱ्या खोलीत एकदा जाऊन आली. तार काढून टाकलेली होती. घड्याळ स्वतःच्या ठोक्यावर चालत होतं आणि दिवा पूर्वीइतकाच हिरवा होता.

घरी आली तेव्हा नवरा दारातच उभा होता. त्याला सगळं कळलं होतं.

"त्या माणसाच्या घरी जातो मी," तो म्हणाला. "चारचौघांत विचारतो त्याला. एकोणीस वर्षं राबवून घेतलं आणि शेवटी बळीचा बकरा केलं तुला."

"केलं खरं," ती म्हणाली. "पण पान उलटायला माझा हात कोणी धरला होता का हो?"

तिने पिशवीतून एक कागद काढला. निबंध मागे घेतल्याची छापील सूचना होती, एकाच पानाची. माथ्यावर नावं, पहिलं तिचं. खाली लिहिलं होतं, की मुख्य लेखिकेला दोष माहीत असूनही तो उघड केला गेला नाही, आणि योग्य मापन करता मिळणारा आकडा शंभरात चौदा एवढाच आहे.

"हा लावा," ती फ्रेमकडे बोट दाखवत म्हणाली.

"हा?" त्याने विचारलं. "अगं, वेडी झालीस का? येणारा-जाणारा वाचेल. आमची ताई वाचेल."

"वाचू दे. नाव पहिलं आहे." ती खुर्चीत बसली आणि चपला काढायला वाकली, म्हणून तिचा चेहरा त्याला दिसला नाही. "आणि यातला आकडा बरोबर आहे. तो मी मोजलाय."

त्याने तिच्या हातातून कागद घेतला. मग त्याने फ्रेम खाली उतरवली आणि मागचे चार खिळे सैल करायला घेतले. कागद त्या मापात अचूक बसला.